मंडप जागेवरून हलवू नये

वाऱ्यावर स्वार व्हायचं एकदा ज्यानं मनाशी ठरवलं, त्याला पृथ्वीवरची कोणतीही शक्ती अडवू शकत नाही. ती अडवत नाहीच. ती फक्त म्हणते, अर्ज दोन प्रतींत आणा आणि सोबत सातबारा जोडा.

वाऱ्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे याची चौकशी मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी करावी लागली, ती आमच्या जावयामुळे. योगीराज तीन वर्षं जर्मनीत होता. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे जर्मनीचं नाव परभणीला जोडूनच घेतात, तेव्हा तिथली एखादी वस्तू इथे येऊन पडली यात मला फारसं नवल वाटलं नाही. तिथे तो सुट्टीच्या दिवशी तळ्यात एका फळीवर उभा राहायचा आणि हातात शीड धरून वाऱ्याबरोबर फिरायचा. परत आल्यावर त्यानं पुण्यात फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटच्या गॅलरीत एक तुळस आणि अर्धा माणूस मावतो. म्हणून सामान आमच्याकडे. "बाबा, तुमचं घर मोठं आहे," तो म्हणाला. आमचं घर तीन खोल्यांचं आहे. पण पुण्याच्या मानानं ते मोठं असेल, म्हणून मी खूश झालो आणि फसलो.

सामान तीन नगांचं होतं. एक फळी, दाराएवढी लांब आणि पुरती मीटरभर रुंद. ती भिंतीलगत आडवी टाकल्यापासून आमच्या सौभाग्यवतीनं तिच्यावर सांडगे घालायला सुरुवात केली. दुसरी डोलकाठी, काळी, दोन तुकड्यांची, जोडली की साडेपाच मीटर; हातात धरायची आडवी काठी तिलाच बांधलेली. आणि तिसरं ते शीड. गुंडाळलेलं असतानाही ते स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून थेट देवघरापर्यंत पोचायचं. उलगडलं तर अकरा चौरस मीटर. म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीएवढं. जावयानं बैठकीच्या खोलीत दुसरी बैठकीची खोली आणून ठेवली होती आणि आम्ही दिवसातून वीस वेळा तिच्यावरून ढांग टाकून जात होतो.

आता माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी शाळेत मराठी शिकवलं आणि जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात एकतीस वर्षं विनोदी सदर लिहिलं. एकतीस वर्षांत मी कुणाचीही मनापासून स्तुती केली नाही. 'अप्रतिम', 'सिद्धहस्त', 'दैवी' हे शब्द मी फक्त टोमण्यासाठी वापरले, आणि वाचकांनाही ते ठाऊक होतं. एका कंत्राटदाराच्या पुलाला मी 'अप्रतिम' म्हटलं, तर त्यानं वकिलाची नोटीस पाठवली होती.

आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात किशनराव. महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नियम तोंडपाठ. माणूस सज्जन, पण कविता करतो. 'नेत्रकमळांतील दहिवर' या नावाचा त्यांचा तीनशे अठ्ठ्याहत्तर कवितांचा संग्रह तयार आहे आणि त्याला प्रस्तावना माझीच हवी, असा त्यांचा तीन वर्षांपासूनचा हट्ट आहे. पहिल्या वर्षी मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं. तिसरा डोळा नसल्यामुळे माझी कारणं संपली होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात किशनराव चहाला आले आणि शिडाला अडखळले.

"सर, हे काय आडवं टाकलंय? कोण वारलं का?"

"शीड आहे. फळीवर लावायचं, वाऱ्यावर चालतं."

"अन् चालवतंय कोण?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांनी तो प्रश्न माझ्या पोटाकडे बघत विचारला. "मी," मी म्हणालो.

किशनरावांनी बशी खाली ठेवली. "मग होऊनच जाऊ द्या. पोखर्णीच्या रस्त्याला फाट्यावरून आत तलाव हाय. ह्या काठावरून त्या काठाला उभ्यानं गेलात, तर प्रस्तावनेचं नाव जन्मात काढणार न्हाई. न्हाई गेलात, तर बारा पानं. अन् सर, टोमणा एक चालायचा न्हाई. खरंखुरं लिहायचं."

त्या 'खरंखुरं'मुळे मी माघार घेणार होतो. पण सौभाग्यवती आतून म्हणाली, "मी साक्षीला हाय बरं का, भाऊजी," आणि पैज ठरली. महिनाअखेरचा रविवार नक्की झाला. शीड घरातून जाणार असेल, तर ती कशालाही साक्षीला राहिली असती.

तलावाच्या काठाला आश्रुबाचं शेत आहे. वीस वर्षं आम्ही ज्वारी त्याच्याकडूनच घेतो. त्याच्या खळ्यावर आम्ही सामान उतरवलं आणि योगीराजला फोन लावला.

"बाबा, हे साधं शीड नाही," फोनमधून योगीराज म्हणाला. "त्यात आडव्या पट्ट्या आहेत ना, त्यातल्या चारांच्या टोकाला चिमटे आहेत. ते चारही चिमटे डोलकाठीला कवटाळून बसले पाहिजेत. मग वारा नसला तरी शिडाचं पोट फुगलेलं राहतं."

वारा नसतानाही फुगून राहण्याचा हा गुण मी आजवर पुष्कळ सत्कारमूर्तींमध्ये पाहिला होता. कापडात प्रथमच पाहत होतो.

शिडाच्या एका कडेला लांबलचक खोळ असते, गादीच्या अभ्र्यासारखी. तिच्यातून डोलकाठी सारायची. मग खोळीतल्या फटीतून हात घालून एकेक चिमटा काठीवर बसवायचा. तीन बसवले की पहिला सुटतो. पहिला बसवला की तिसरा. आश्रुबा आणि मी काठीच्या दोन टोकांना बसून दीड तास हा खेळ केला. शेवटी आश्रुबाची बायको तानुबाई, जी इतका वेळ बाजूला तुरी पाखडत होती, सूप खाली ठेवून आली, तिनं गाईच्या तोंडात हात घालावा तसा खोळीत हात घातला आणि चारही चिमटे खटाखट बसवून परत पाखडायला गेली.

मग खालचा दोर. या दोरानं शीड काठीच्या बुडाशी ओढून ताणायचं असतं, इतकं की काठी धनुष्यासारखी वाकली पाहिजे. मी ओढलं. चार बोटं आलं.

"अजून वीतभर," योगीराज म्हणाला.

"ट्रॅक्टर लावा," किशनराव म्हणाले. पैज त्यांच्याविरुद्ध असूनही ते रोज येत होते. एवढ्या सल्ल्यांची संधी ते सोडणार नव्हते.

"सरका मास्तर," आश्रुबा म्हणाला. त्यानं उमेदीच्या काळात मानवतच्या बाजाराला कापसाच्या गाड्या नेल्या आहेत. कापूस दाबून भरायचा आणि वरून असा दोर आवळायचा की गाडी खड्ड्यात गेली तरी बोंड सांडू नये. त्यानं दोराला दांडक्याचा वेढा घेतला, दोन्ही पाय काठीच्या बुडाला लावले आणि 'या आई' म्हणून मागे रेलला. काठी वाकली. शीड जमिनीवरून असं काही उठलं की शेजारची म्हैस दावं तोडायला निघाली.

पण वरच्या टोकाला शिडाची मागची कड सैल पडली, लोंबायला लागली.

"झोळ पडला," किशनराव म्हणाले.

"झोळ पडला," आश्रुबा म्हणाला.

रस्त्यानं जाणारा एक टेम्पोवाला गाडी थांबवून, उतरून, जवळ येऊन म्हणाला, "काका, वर झोळ पडला."

मी हात धुवायला गेलो तेवढ्यात किशनरावांनी खालचा दोर सैल करून वरचा झोळ काढून टाकला. शीड कसं चापूनचोपून दिसायला लागलं. फक्त ते आता काठीभोवती वळेना. चिमटे काठीला चिकटून बसले, आणि पोट जे एका बाजूला फुगलं ते दुसऱ्या बाजूला जाईना. योगीराजनं व्हिडिओवर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, ती सैल कडच बरोबर होती! वाऱ्याचा झोत आला की वरच्या कडेतून सांडून जातो, आणि ओढ सगळी खाली तुमच्या हातात राहते. वरून ढिलं, खालून ताठ."

आमच्याकडच्या सगळ्या संस्था वरून ताठ आणि खालून ढिल्या असल्यामुळे ही रचना आम्हाला कुणालाच ओळखता आली नव्हती, एवढंच. आश्रुबानं पुन्हा दोर आवळला. या वेळी मी हात धुवायला गेलो नाही.

पुढचे पंधरा दिवस सराव. त्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तो बहुतेक पाण्याखाली झाला. फळीच्या बुडाला दीड हात लांबीचं पातं असतं, त्यामुळे काठावरून निघताच येत नाही. कमरेइतक्या पाण्यात, चिखलात पाय रुतवून, म्हशींची परवानगी घेऊन फळीवर चढायचं. फळी तशी गरीब. रुंद असल्यामुळे पाटावर उभं राहिल्यासारखं वाटतं. पण शीड पाण्यात पडलं की खोळीत पाणी भरतं, आणि मग ते दोरीनं वर ओढायचं म्हणजे भिजलेल्या सात गोधड्या एकदम उचलायच्या. घाईनं ओढलं की तुम्हीच पाण्यात जाता. हळूहळू, पाणी निथळू देत, बाळंतिणीला उठवावं तसं उठवावं लागतं. हे मला नवव्या दिवशी कळलं. त्याआधीचे आठ दिवस मला कंबर आहे हे कळत होतं.

दरम्यान परवानगी. किशनरावांनीच बजावलं, "बिगर परवानगीचं पार केलात तर ते धरलं जाणार न्हाई." म्हणून आम्ही दोघं तलावाच्या कार्यालयात गेलो. तिथे टेबलामागे धम्मानंद निघाला, माझा जुना विद्यार्थी. नुकताच नोकरीला लागलेला, कामात काटेकोर. वर्गातही उत्तराखाली रेघ पट्टीनं मारायचा.

"सर, नावेचा अर्ज हाय," त्यानं कागद पुढे केला. त्यात इंजिन क्रमांक, प्रवासी संख्या आणि वल्ह्यांची संख्या असे रकाने होते. जागेसाठी आश्रुबाचा सातबारा लागणार होता.

"इंजिन वारा आहे," मी म्हणालो.

"त्याचा क्रमांक लागेल, सर." तो हसला नाही. खरोखर विचार करत होता. मग त्यानं नियमांचं पुस्तक काढलं. "सर, नाव म्हणजे ज्यात माणूस बसतो. तुमी बसणार का?"

"उभा राहणार."

"मग ही नाव न्हाई." त्यानं पान उलटलं. "कापड हाय?"

"अकरा चौरस मीटर."

"खांब? दोऱ्या?"

"आहेत."

धम्मानंदचा चेहरा उजळला. गणित सुटल्यावर उजळायचा तसाच. "सर, हा मंडप हाय! तलावाच्या हद्दीत एका दिवसाच्या मंडपाची परवानगी आमच्या साहेबांनी मलाच द्यायला सांगितली हाय."

मंडपाच्या अर्जाला ध्वनिक्षेपक न लावण्याचं हमीपत्र, आग विझवण्याच्या वाळूच्या दोन बादल्या आणि आचाऱ्याचं नाव लागत होतं. आचारी म्हणून आश्रुबाचं नाव लिहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी होत्या. तिथे मी सही केली, न वाचता. एकतीस वर्षं मी न वाचता सह्या करणाऱ्यांवर लेख लिहिले. त्यांची मी या ठिकाणी जाहीर माफी मागतो. अक्षर खरंच फार बारीक असतं.

किशनरावांनी मात्र माझ्या सहीआधी अर्ज चष्म्याजवळ नेऊन मागून-पुढून वाचला होता. "घ्या सर, पेन घ्या माझं," एवढंच म्हणाले होते. तेव्हा मला ते सौजन्य वाटलं.

रविवारी काठावर शंभरेक माणसं जमली. ज्येष्ठ नागरिक संघ मेटॅडोर करून आला होता. मंडप आहे असं ऐकून दोन कुटुंबं टोपी-टॉवेलचा आहेर घेऊन आली आणि नवरदेव कुठाय म्हणून विचारू लागली. मी टॉवेल ठेवून घेतले. ते दिवसभरात उपयोगी पडले. वाळूच्या दोन बादल्या फळीजवळ ठेवल्या होत्या, आणि धम्मानंद फाईल घेऊन कडुलिंबाखाली बसला होता.

बाराला मी निघालो.

"मास्तर, आत्ता नका जाऊ," तानुबाई सूप हलवत म्हणाली. "वारं चाळवायलंय नुस्तं. चारला भरतंय ते."

पण शंभर माणसं चारपर्यंत कशी थांबवणार? मी निघालो आणि तलावाच्या ऐन मध्यावर जाऊन उभा राहिलो. म्हणजे नुसताच उभा. वारा नव्हता. शीड मात्र पोट फुगवून, जणू वादळात असल्यासारखं, दिमाखात उभं. काठावरून सल्ले येत होते. "हात हलवा!" "डावीकडं वाका!" "फुंका!" पाऊण तासानं कुठूनशी एक झुळूक उलट्या बाजूनं आली, चारही चिमटे काठीवरून खाट्कन पलीकडे गेले, पोट उजवीकडचं डावीकडे झालं आणि मी पाठीवर पाण्यात पडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे. आश्रुबानं टायरच्या ट्यूबवर येऊन मला परत काठाला आणलं.

"पैज संपली की काय, सर?" किशनरावांनी भिजल्या आवाजात विचारलं. वास्तविक भिजलो मी होतो.

"सूर्य मावळेपर्यंत दिवस असतो," मी म्हणालो. पहिला टॉवेल तेव्हाच वापरला.

चारला तानुबाईनं सूप डोक्याएवढं वर धरून तुरी सोडल्या. इतका वेळ कोंडा तिच्याच अंगावर पडत होता. आता तो सरळ रेषेत, दोरी धरल्यासारखा, पूर्वेला निघाला. दाणे पायाशी पडले.

"आता जा," ती म्हणाली. "आता ते मोडायचं न्हाई."

मी शीड निथळत वर घेतलं, आडव्या काठीला हात घातला आणि मागे रेललो. पहिल्यांदा काहीच नाही. फळी पाणी ढकलत, कुरकुरत निघाली. मग शीड भरलं. इथे मला थोडं खरं लिहू द्या. साधं कापड वाऱ्यात फडफडतं, धक्के देतं, आपल्याला इकडेतिकडे ओढतं. हे शीड फडफडलंच नाही. त्याचं पोट जिथे होतं तिथेच राहिलं, ओढ एकाच जागी हातात बसली, आणि त्या ओढीवर मी अंगाचं सगळं वजन टाकलं तरी ते हललं नाही. वरची सैल कड तेवढी मान डोलावत होती. आणि मग एकदम, जिन्याची पायरी चढावी तशी, फळी पाण्याच्या वर आली. आवाज बदलला. पाणी खाली राहिलं. आंबा उतरवताना फांदीवर उभं राहिल्यावर पायाखाली जसं काहीच नसतं, तसं. काठावर सूप हलवणारी तानुबाई डोळ्यांच्या कोपऱ्यात एकदा दिसली आणि मागे गेली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सौभाग्यवती म्हणते, तिचं नाव. मी ते नाकारलेलं नाही.

थांबायचं कसं, हे योगीराजनं सांगितलं होतं, पण ते मी काठावर विसरून आलो होतो. समोरच्या काठाला बेशरमाची दाट झुडपं आहेत. त्यात फळी शिरली, पातं चिखलात रुतलं, शीड माझ्यावर पडलं आणि मी उठून उभा राहिलो. जमिनीवर. पलीकडच्या काठावर. उभ्यानं.

अर्ध्या तासात बांधावरून सगळे आले. आश्रुबानं मला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न केला आणि शहाणपणानं सोडून दिला. मी किशनरावांकडे पाहिलं. ते धम्मानंदच्या शेजारी उभे होते. धम्मानंदच्या हातात एक कागद होता.

"सर, लय भारी," धम्मानंद म्हणाला. त्याचे डोळे खरोखर चमकत होते. मग त्यानं खाली बघितलं. "आता फक्त मंडपाच्या पूर्ततेचा दाखला राहिला. अटींचं पालन झालं, अशी तुमची सही."

"कोणत्या अटी?"

"सात नंबरची वाचा, सर," किशनराव म्हणाले. "ह्या वेळेला वाचून घ्या."

मी वाचली. *मंडप जागेवरून हलवू नये.*

मी अट पुन्हा वाचली. तीही जागेवरून हलली नाही.

"हलला, असं लिहा ना," मी म्हणालो. "शंभर माणसांनी पाहिलंय."

"लिहितो की, सर." धम्मानंदनं पेनाचं टोपण काढलं. "परवानगीवर सही माझी हाय. अट मोडली म्हणून खुलासा मला द्यावा लागल. मी अजून नोकरीत पक्का न्हाई, परीक्षेचा काळ मार्चला संपायलाय. पण तुमी म्हणाल तसं लिहितो. खोटं लिहायचं न्हाई, हे तुमीच शिकवलंय."

हे मी खरंच शिकवलं होतं. इतकं कशाला शिकवावं माणसानं?

किशनरावांना बोलायची गरजच नव्हती. हलला म्हणावं, तर पोराच्या पोटावर पाय. नाही हलला म्हणावं, तर मंडप जिथल्या तिथे होता, आणि मंडपात उभा असलेला माणूसही जिथल्या तिथेच होता. शासनाच्या दप्तरी मी त्या दिवशी तलाव पार केलेला नाही. मी तलावाच्या अलीकडच्या काठावर, वाळूच्या दोन बादल्यांच्या शेजारी, दिवसभर उभा होतो.

मी धम्मानंदला म्हणालो, "खोटं तू लिहू नकोस. ते माझ्यावर सोड. माझा एकतीस वर्षांचा सराव आहे." आणि सही केली. पेन किशनरावांचंच होतं.

शीड आता आश्रुबाच्या खळ्यावरच्या खोलीत आहे. तानुबाई ते अधूनमधून उलगडून बघते. सौभाग्यवतीनं ओट्यापासून देवघरापर्यंत मोकळी झालेली जागा दोनदा पुसून काढली आणि फळी तेवढी सांडग्यांसाठी परत मागवली. आणि 'नेत्रकमळांतील दहिवर' माझ्या टेबलावर आहे. मी ते दोनदा वाचलं. प्रस्तावनेची बारा पानं गुढीपाडव्यापर्यंत द्यायची आहेत. पहिलं वाक्य अजून झालेलं नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. माझ्याकडची सगळी विशेषणं टोमण्यात वापरून झिजली आहेत. कुणाच्या घरी एखादं चांगलं, कोरं, न वापरलेलं असेल, तर कृपया पाठवावं. काम झालं की स्वच्छ करून परत करीन.